ममताला मोकळी ठेवली

मंडळी, आमच्या हॉकी लीगमध्ये नागपूरचा नवा संघ येतोय. जुन्या संघांनी ठरावीक खेळाडू राखायचे, उरलेल्यांतून तो निवडणार. अंधेरीच्या आमच्या संघाचे पगार मी सांभाळते.

आज संघाचे मॅनेजर सर म्हणाले, "गोलकीपर ममताला राखायचं नाही, मोकळी ठेवू. तिच्या एकटीच्या पगारात दोघी येतात." हिशोब बरोबर होता. मी हो म्हटलं.

असं तोंडावर सांगावं, ही बाबांची शिकवण. म्हणून मैदानावर जाऊन मीच तिला सांगितलं.

"मग माझा पगार कमी कर ना."

"करार झालाय गं. आता नाही होत."

"नागपूरनं निवडलं तर आईला घाटकोपरला एकटी टाकून जाऊ?"

ती पॅड बांधून सरावाला उभी राहिली.

घरी येऊन मी पोटभर जेवले. नियमाने वागल्यावर तुम्हालाही असं काहीच वाटेनासं होतं का?