माझ्या लिव्हरचा तुकडा

मिलच्या मॅनेजरनं माझ्या भावाचा पेला कागदात धरून उचलला आणि कचऱ्यात टाकला. म्हणाला, "कल से अपना पानी घर से लाना."

सुरतच्या पांडेसऱ्यातली कापड रंगवायची डाइंग मिल. भाऊ ताग्यांवर शिक्के मारायचा, मी साड्यांच्या घड्या घालायची. जेवणाची सुट्टी होती. सगळे बघत होते.

हेपॅटायटिस बी-नं भावाचं लिव्हर संपलं होतं. सरकारी दवाखान्यात माझ्या लिव्हरचा तुकडा काढून त्याला बसवला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लिव्हर नवं आहे, पण आजाराचा विषाणू अंगात दबून असतो. गोळी रोज, जन्मभर. चुकवली तर तो हेही लिव्हर खाईल. आणि हा आजार एका ताटात जेवून, एका पेल्यानं पिऊन लागत नाही.

हे मी मॅनेजरला सांगायला गेले. त्यानं खुर्ची मागं सरकवली.

आमच्या आजोबांना गावात जातीमुळं ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ते नको म्हणून बाप सुरतला आला होता.

भावानं मिल बदलली. नवागामला कामगारांच्या खोलीत राहू लागला. तिथं आजाराचं नाव काढलं नाही. गोळी कुणी बघेल, विचारेल, म्हणून आधी चुकवायचा. मग बंदच केली. मी विचारलं की घेतो म्हणायचा. खरं कळलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते. मी रागावले. तो हळू म्हणाला, "माले लोकेसमा बसू दे, ताई." लोकांत बसायचं होतं त्याला.

या वेळी तो वाचला नाही.

त्याचे दिवस घातल्यावर कामावर गेले. मॅनेजर म्हणाला, "तूने उसको कलेजा दिया था ना? तू भी अलग पानी पी."

मी माठाजवळ गेले. सगळ्यांचा पेला भरला. त्याच्यासमोर प्याले. म्हटलं, "मला आजार नाही. असता तरी इथंच प्याले असते."

कामावरून काढलं. फाटकापाशी एक बाई मागनं आली. घडीवर माझ्या शेजारी बसणारी. तिच्या नवऱ्यालाही तोच आजार होता. संडासात जाऊन गोळी घेतो म्हणाली. कुणाला सांगू नको म्हणाली.

मी सांगितलं, त्याला माझ्या घरी आण. माझ्या ओट्यावर बसून, गल्लीसमोर घेऊ दे. लपून घेतलेली गोळी एक दिवस सुटतेच.

भाऊ मी तसा घालवला. आता दुसरा कुणी तसा जाऊ देणार नाही.