धुराच्या नळीतला बोळा
आज पौष पौर्णिमा. बागेतलं पाण्याचं इंजिन पुसताना डिझेलचा वास आला आणि बासष्ट सालचा तो मिस्त्री आठवला. फुलांचा बहर एकदम यावा म्हणून त्या वर्षी आम्ही संत्र्यांचं पाणी दीड महिना तोडलं होतं. त्या पौष पौर्णिमेला पाणी दिलं नसतं तर झाडंच वाळली असती. इंजिनाचा जुना व्हॉल्व्ह झिजला होता, म्हणून मिस्त्रीनं अकोल्याहून लेथवर घडवून आणलेला नवा बसवला, पण इंजिन सुरूच होईना. यानं भंगारातला माल माझ्या माथी मारला, अशी माझी खात्री झाली. शेजारच्या तिन्ही मळ्यांत मी निरोपही धाडला, याला काम देऊ नका. "जुन्या व्हॉल्व्हवर सुरू त होत होतं!" मी सुनावलं. "मंग जुनाच लावून पाहू, बाई. मले चोर कावून म्हणता?" जुना लावला, तरी इंजिन ढिम्म. मग त्यानं धुराच्या नळीत तार घातली आणि माझ्याच फाटक्या लुगड्याचा बोळा बाहेर ओढला. पाणी तोडलं तेव्हा नळीत खारी शिरू नयेत म्हणून तो मीच कोंबला होता. "चोर त लुगडं नेसून उभा हाये," तो म्हणाला. नवा व्हॉल्व्ह परत बसवल्यावर इंजिन पहिल्याच हँडलला धडधडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही मळ्यांत गेले आणि तो बोळा दाखवून आले.