भुलीचा गोडसर वास

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, भुलीच्या औषधाचा गोडसर वास आला आणि मला पडेगावकडची आमची जुनी प्रयोगशाळा आठवली. प्रयोगासाठी थांबवलेलं उंदराचं हृदय तिथल्या प्रमुख मॅडमनी बोटांनी छाती दाबून परत चालू केलं होतं. तेवढ्यात उंदराची मिशी हलली.

"जागा होतोय. भूल थोडी वाढव," मॅडम म्हणाल्या.

"त्याचं हृदय सोसंल का?"

"बघू."

मी वाढवली. पडद्यावरची ठोक्यांची रेघ खचत गेली. ती सावरल्यावर आम्ही निवांत चहा प्यायलो.

आज स्ट्रेचरवर माझे वडील आहेत. काल त्यांचं हृदय असंच थांबून चालू झालंय.

"मधीच जाग नाय ना येणार?" ते विचारतात.

"नाय येणार, अण्णा."

त्यांचं हृदय सोसंल का, हे मात्र मी भूलतज्ज्ञांना विचारत नाही.