हुंकारू बंद पडला तेव्हा

माझ्या गोष्टी स्कूटरवर तयार होतात. बायको सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, ऑफिसात आहे. संध्याकाळी कंपनीची बस तिला चौकात सोडते. तिथून ब्राह्मणपाऱ्यातल्या घरापर्यंत मी तिला मागे बसवतो आणि अवकाशयानं उडवतो.

इकडच्या हिंदी मुलखातल्या खेड्यांत गोष्ट ऐकणाऱ्यानं मधून मधून ‘हूं’ म्हणायची रीत आहे. त्याला हुंकारू म्हणतात. हुंकारू थांबला की सांगणाऱ्यानं समजावं, गिऱ्हाईक झोपलं. आमच्याकडे ‘हूं’च्या जागी ‘हव’ चालतं, आणि हेल्मेटमुळे ते ओरडून द्यावं लागतं.

यंदा नागपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी विज्ञानकथा मागितली आणि वर बजावलं, ‘नुसती धडाधडी नको, साहित्य पाहिजे.’ झालं! मला बसवेना की उभं राहवेना. आपल्याला कुणी साहित्यिक म्हणण्याची ही शेवटचीच संधी, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

बायकोला साहित्य नको होतं.

‘दिवसभर काळा धूर खाऊन येते मी,’ ती मागून ओरडली. ‘तुमची कप्तानीण यानाच्या खिडकीत बसून उदास होऊन राहिली, ते मले काहून सांगता? उडवा ना काहीतरी!’

मी एका दमात दोन ग्रह उडवले.

‘हव! अहो, पण हात हँडलवर ठेवा!’

आठवडाभर हेच. ग्रह फुटला की हव. कप्तानीण विचारात पडली की मागे सामसूम. गोष्ट पाठवायचा दिवस जवळ आला, शेवट सापडेना. मी स्वयंपाकघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो.

मग एका संध्याकाळी हट्टाला पेटलो. युद्ध संपलंय. कप्तानीण एकटी. यानातल्या जुन्या यंत्रात तिला आईचा आवाज सापडतो: जेवायला ये गं. तिला शब्द न् शब्द कळतो. पण उत्तर द्यायला जावं, तर तोंडात यानाचीच भाषा येते.

हव नाही. मी आवाज चढवला. तरी नाही. सिग्नलला थांबलो. शेजारचा ऑटोवाला मात्र मान बाहेर काढून ऐकत होता. घाबरून मी यानाचं दार फोडलं आणि आठ हातांचा राक्षस आत घातला, माझ्या दोन हातांनी करूनही दाखवला.

हेल्मेटवर फाडकन थापड बसली.

‘याले काहून आणलं आता?’

‘तू हव नाही म्हटलं! मले वाटलं, झोपली.’

‘ऐकून राहिली होती मी!’ तिचा आवाज ओला होता. ‘त्या पोट्टीनं आईले उत्तर दिलं का नाही?’

आमचा मुलगा बंगळुरूला असतो. ती फोनवर विचारते, ‘जेवला का रे?’ तो प्रेमानं, पण हिंदीतच सांगतो, ‘हाँ मम्मी, खा लिया.’ हे मी गोष्टीत घातलंय, हे मला त्या सिग्नलपर्यंत कळलं नव्हतं.

ऑटोवाल्याला राहवेना. ‘भैया, फिर राक्षस का क्या हुआ?’

मी तोंड उघडण्याआधी बायको म्हणाली, ‘रुका है, भैया. पहले लड़की माँ को जवाब देगी.’

सिग्नल हिरवा झाला. पोरगी काय उत्तर देईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि घर जवळ आलं होतं. मी पुढचं वळण सोडून स्कूटर सरळ लांबच्या रस्त्याला घातली.

मागून ती म्हणाली, ‘हव.’