ताईचा ढावलो

गाण्यापायी आमच्या मावसबहिणीइतकी निंदा सोसलेली बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायची नाही, आणि त्या निंदेवर तिच्याइतकी हसलेलीही. ताई जॅझ गाते. आमच्या बंजारा तांड्यात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. लोक 'जाच' म्हणतात, आणि तिचं गाणं ऐकल्यावर तर ठासून म्हणतात. तिला सूर कशातही सापडतो. मिक्सर सुरू केला की त्याच्या घरघरीत आवाज मिसळून अशी रंगते, की चटणीचं पार पीठ होतं. घाटंजीच्या एका लग्नात लोकांनी भजनाचा आग्रह केला, तर हिने शब्दच टाकून दिले आणि नुसत्या 'दाबा-दूबा'वर अशी सुटली, की नवरदेवाचा मामा पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "पोरीले ठसका लागला वाटते!"

दोनेक वर्षांपूर्वी तिने पुण्याच्या स्टुडिओत अल्बम केला. त्यातलं शेवटचं गाणं ढावलो होतं. लग्न झालेली मुलगी तांडा सोडताना मायच्या गळ्यात पडून रडत गाते, ते. त्याला तिने सॅक्सोफोनची साथ घेतली. यवतमाळच्या एका पत्रकाराने 'पाश्चात्त्य भजनांचा सुंदर संग्रह' असं छापलं. ताई आठवडाभर हसत होती. मुंबईच्या एका समीक्षकाने मात्र बाकी सगळ्याचं कौतुक करून लिहिलं, 'ढावलोतलं रडणं उसनं वाटतं.' त्यावर ती हसली नाही. त्या दिवशी जेवलीही नाही.

मग मला सोबत घेऊन ती तांड्यावर गेली आणि मावशीला, म्हणजे तिच्या आईला, मोबाइलवर ते गाणं ऐकवलं. मावशीने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं, याडी?"

"आवाज गोड हाय. पण तू कायले रडून राह्यली? तुह्यं तं लगनच नाही झालं."

ताईने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "घर तं सोडलंच ना मी. गाण्यापायी गेलती, तवा तू दार लावून घेतलं. कोणीच रडलं नाही."

मावशी उठली. लेकीचं डोकं तिने खांद्यावर ओढून घेतलं आणि कापऱ्या, फाटक्या आवाजात ढावलो म्हणू लागली. ताईला एका ओळीचीही साथ देता आली नाही. ती नुसती हमसत राहिली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मावशी गेली. ताई यवतमाळात मुलींना गाणं शिकवते, कार्यक्रमही करते. ढावलो मात्र गात नाही. सॅक्सोफोनवाला तो एकटाच वाजवतो. दुसऱ्या अल्बमचं विचारलं तर म्हणते, "करीन ना. पण कायले रडून राह्यली, असं इचारणारं कोण हाय आता?"