आईकडून आलेलं

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. ही आमची खानदेशी देवी. तिच्या नैवेद्याचे रोट फक्त कुळातली माणसं खातात. लग्न झालेली लेक माहेरी आली तरी तिला ते चालत नाहीत, कारण तिचं कुळ बदललेलं असतं. सुरतेत येऊन आमच्या घरानं पुष्कळ काही सोडलं, हा नियम मात्र सोडला नाही.

आई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला कॅन्सर झाला होता का. पप्पा लगेच म्हणाले, "नहीं साहब, हमारे घराने में किसी को नहीं." आईनंही मान हलवली. तिची आई आणि तिची मोठी बहीण, दोघी स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. पण त्या दुसऱ्या घराण्यांतल्या. पप्पा खोटं बोलले नाहीत, आईही नाही. आमच्यात माणसं अशीच धरतात.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांना हे कळलं, तेव्हा त्यांनी आईची जनुकांची तपासणी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला. "रक्तात काही नाही," असं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली.

मी एम.एस्सी. करतेय. आई गेल्यावर अभ्यासात मायक्रोआरएनए आले. पेशीतले हे फार लहान रेणू. त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत. ते दुसऱ्या जनुकांना आवरून धरतात. आईवडिलांकडून येतानाच त्यांच्या जनुकीय लिपीत एखाद्या अक्षराचा फरक असला, तर ती पकड सैल पडू शकते आणि कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो. या 'शकतो'च्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही. एका अभ्यासात संबंध दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. आईच्या तपासणीत हे पाहिलेलंच नव्हतं. आमच्यात तसा फरक आहे की नाही, मला माहीत नाही. तीन बायका गेल्या, एवढं माहीत आहे.

यंदा कानबाईला ताई बारडोलीहून, तिच्या सासरहून आली. बाहेरच्या खोलीत सगळे रोट खात होते आणि ती आत बाजारचा लोचो, तो ढोकळ्यासारखा सुरती पदार्थ, खात बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची मुलगी धावत येऊन तिच्या छातीवर आदळली. ताईनं ओठ घट्ट मिटले.

"दुखलं?"

"दुधाची गाठ आहे. जाईल."

मुलीचं अंगावरचं दूध केव्हाच सुटलं होतं.

"दाखवलंस?"

"कशाला? आईचा रिपोर्ट चांगला होता ना. आणि मी आता तुमच्यातली थोडीच आहे? रोटसुद्धा देत नाहीत मला." ती हसली. "तू काय, इंग्लिश मीडियमवाली. तुला हे नाही कळायचं."

मी समजवायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत अडकले.

"मराठीत बोल गं बाई. मी काय तुझी मॅडम आहे?"

मग मी पप्पा चालवायचे त्या कापडाच्या मागाचं सांगितलं. लहानपणी डबा द्यायला आम्ही दोघी कारखान्यात जायचो. धागा तुटला की खाली पडून माग थांबवणारी बारीक पट्टी तिनंही पाहिली होती. ती पट्टी नीट पडली नाही तर माग चालूच राहतो आणि कापड बिघडत जातं.

"अंगात अशा पुष्कळ पट्ट्या असतात, ताई. एखादी सैल असली तर ती आईकडून येऊ शकते. लग्न झालं म्हणून ती बदलत नाही."

"म्हणजे मला आहे?"

"माहीत नाही. ते सांगणारी तपासणी अजून नाही. गाठीची आहे."

तिनं ताटली खाली ठेवली. बाहेर कुणीतरी कुणाला आणखी तूप घ्यायचा आग्रह करत होतं. ताईनं मुलीला मांडीवर ओढलं.

"मग हिला?"

मला काहीतरी बरं सांगायचं होतं. "तेही माहीत नाही."

ती मुलीचे केस सारखे करत राहिली. ते विस्कटलेले नव्हते.

"उद्या विसर्जन झालं की चल माझ्याबरोबर," शेवटी ती म्हणाली. "पप्पांना आत्ताच नको सांगू."

"कुठे जायचंय?" मुलीनं विचारलं.

"दवाखान्यात. मावशीला बरं नाहीये."

मुलगी तिच्या मांडीवरून उतरून माझ्याकडे आली. माझ्या कपाळावर हात ठेवून तिनं बराच वेळ पाहिलं, आणि ताप नाही, असं आईला गुजरातीत सांगितलं.