बिऱ्हाड उलार झालं

अमरावतीहून बाळापूरला गेल्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. लोक चिखलदऱ्याला जातात, सेमाडोहला जातात, वाघ दिसला नाही तरी दिसल्यासारखं लिहितात. आम्ही बाळापूरला गेलो ते नलूताईचं बिऱ्हाड पोचवायला.

बिऱ्हाड म्हणजे मोटारीमागे ओढायची दोन चाकांवरची छोटी खोली. माझ्या थोरल्या बहिणीच्या, नलूताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, निवृत्त झाल्यावर बडनेऱ्याच्या एका वेल्डरकडून ती बनवून घेतली होती. आत दोघांपुरता पलंग, मागच्या टोकाला ओटा आणि कपाट, पुढे मोटारीला जोडायच्या दांडीवर एक लोखंडी पेटी. नाव ताईचं. दोघं तिच्यातून कौंडण्यपूरच्या यात्रेला गेली, मेळघाटात किती वेळा गेली त्याची गणती नाही. परत आले की भाऊजी आठवडाभर आम्हाला शिकवायचे. मागे खोली ओढणं सोपं नाही, एकदा का तिनं शेपूट हलवायला घेतलं की माणूस रस्त्याच्या खाली, पण आपल्या हाताखाली ती कधी हलली नाही. "हात पायजे," म्हणायचे. ताई तेव्हा पेटीतून पाटा काढत असायची.

हो, पाटा, वरवंट्यासकट. मिक्सरमधल्या चटणीला ती चटणी मानत नसे, म्हणून जाईल तिथे पाटा बरोबर. त्याची जागा दांडीवरच्या पेटीत, कारण दुसरीकडे कुठे मावतच नसे. भाऊजींनी यावरून तिला कायम छळलं. "लोकं जंगलात दुर्बीण नेतात, आमची बाई गोटा नेते." ती म्हणायची, दुर्बिणीनं जेवता येत नाही.

ताई गेल्या पावसाळ्यात गेली. दिवाळी झाली तशी भाऊजींनी बिऱ्हाड विकायला काढलं. मी काहून म्हणून विचारलं, तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सकाळी फाटकापाशी थे दिसते, अन् मले दार वाजवावं वाटते."



घेणारे बाळापूरचे रशीदभाई. कापडाचं दुकान, घरी पोरं, पोरांना वाघ पाहायचा आहे. भाऊजींनी त्यांना फोनवर शब्द दिला की गाडी एका हातानं सरळ चालते, घरपोच आणून देतो. स्वतःची जीप त्यांनी आधीच विकलेली, म्हणून ओढायला माझी गाडी आणि चालवायला मी. आदल्या आठवड्यात शेजारच्या दोघांनी बिऱ्हाड रिकामं केलं. गाद्या, भांडी, पेटीतला पाटा, सगळं घरात आलं. "गोटा काही इकला नाई आपण," भाऊजी म्हणाले.

शेजारच्यांनीच दांडी माझ्या गाडीला अडकवून दिली आणि सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही निघालो. थंडीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, कापूस फुटलेला. अमरावती ते अकोला रस्ता आता चौपदरी आणि इतका गुळगुळीत आहे, की ज्यांची कंबर जुन्या खड्ड्यांत गेली त्यांना तो थट्टेसारखा वाटतो. टोलवर मात्र वेळ धरून चला. आमचा प्रकार कोणत्या रकान्यात बसतो हे तिथल्या पोराला ठरवता येईना. "मॅडम, हे आइसक्रीमची गाडी आहे का?" मी म्हटलं, नाही. मग काय आहे, हे मलाही सांगता येईना. भाऊजी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

टोल ओलांडून जरा वेग घेतला आणि स्टिअरिंग माझ्या हातात गुदगुल्या केल्यासारखं करायला लागलं. आरशात पाहते तर बिऱ्हाड डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. लग्नातल्या काकांसारखं डोलत होतं. असं झालं तर ब्रेकवर पाय मारायचा नाही, ही या लेखातली सगळ्यात उपयोगाची ओळ समजा. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढायचा, स्टिअरिंग धरून ठेवायचं आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. मी तसं केलं. गाडी कडेला घेऊन थांबवली.

भाऊजींनी निदान तत्काळ केलं. "तुले हात नाई, कुंदे. सरक."

सरकले. भाऊजी बसले, पाठ ताठ करून. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चौथ्यात बिऱ्हाडानं त्यांनाही तेच दाखवलं. एरवी मी हे पुढची दहा वर्षं वापरलं असतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि नुसता हात पुढे केला. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ॲक्सल गेला असन."

मूर्तिजापूरपर्यंत बैलगाडीच्या वेगानं गेलो. मागून येणारे ट्रकवाले आमच्या कुळाचा उद्धार करत होते. गावाआधी एक गॅरेज लागलं. मालक बसल्या जागेवरून म्हणाला, ॲक्सल बदला. मी म्हटलं, आधी उठून पाहा तर. पाहायचं कसं हे तुम्हालाही कामी येईल म्हणून सांगते. चाकाच्या मध्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली, दोन्हीकडे नुसतं कोमट, म्हणजे बेअरिंग तापत नव्हतं. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, खडखड नाही. टायर दोन्हीकडे सारखेच झिजलेले, हवाही बरोबर. मग दांडीच्या टोकापासून दोन्ही चाकांपर्यंत सुतळी धरून मापली. दोन्ही अंतरं सारखी निघाली. ॲक्सल वाकडा नव्हता. गॅरेजवाला हिरमुसला.

"रशीदभाईले काय सांगू?" भाऊजी म्हणाले. "सरळ चालते म्हणून जबान देल्ली मी."

समोरच्या हॉटेलात आलूबोंडा आणि कढी घेतली. कढी ताजी होती, बोंडा कालचा असावा; त्या वाटेनं गेलात तर नुसती कढी प्या. भाऊजींनी काहीच खाल्लं नाही. ते उठून बिऱ्हाडाकडे गेले आणि उगाच दांडी धरून उभे राहिले. मी पाहत होते. त्यांनी दांडी हुकातून सोडवली आणि एका हातानं वर उचलली. खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"कुंदे, इकडं ये. धर हे."

मी धरली. माझ्याही एका हातात आली.

"दोन हात लागत होते मले. कमरेत कळ येई," ते म्हणाले. "बंडी उलार झाली हे."

उलार म्हणजे काय, हे शहरी वाचकांसाठी: बंडीत, म्हणजे बैलगाडीत, माल मागे जास्त झाला की पुढची बाजू वर उचलते, जू बैलांच्या मानेवर टिकत नाही. बिऱ्हाडाचं तेच झालं होतं. मागे ओटा आहे, कपाट आहे, जादा चाक आहे. पुढे पेटीत काहीच नाही. दांडी हलकी, म्हणून शेपूट मोकळं.

पेटीत काय नव्हतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परत अमरावतीला जाऊन पाटा आणू का, असं मी विचारलं. भाऊजी नको म्हणाले, आणि मग लगेच हो म्हणाले, आणि मग पुन्हा नको. शेवटी मी शेजारच्या दुकानातून सरकीच्या ढेपीचं, म्हणजे पेंडीचं, पोतं आणलं. दुकानदारानं विचारलं, म्हैस आहे का ताई? मी म्हटलं, ओढायची गाडी आहे, ती ढेप खाते. पोतं पेटीत बसलं, दांडी जड झाली, मी गाडी काढली. चौथा गिअर टाकला. बिऱ्हाड सुतासारखं सरळ आलं. जरा वेग वाढवला. तरी सरळ.

मला हायसं वाटलं आणि मी मूर्खासारखी बोलून गेले, "पाहा भाऊजी, काम झालं."

बोरगाव मंजू मागे पडलं. मग भाऊजी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "ढेपीनं बी चालते म्हणजे."

वजन ते वजन. दांडीला दगड आणि ढेप यांतला फरक कळत नाही. मला वाटतं, ढेप टाकूनही ते डोलत राहिलं असतं तर भाऊजींना बरं वाटलं असतं.

अकोला बाहेरून काढलं. शहरात शिरायची चूक करू नका. मागे खोली लावून वळायला जी जागा लागते ती तिथल्या चौकांत नाही. बाळापूरला किल्ला दिसायला लागला तेव्हा दुपार कलली होती. रशीदभाई रस्त्यावर वाट पाहत होते. पोरं धावत आत शिरली, पलंगावर उड्या झाल्या, भांडण झालं, एकानं खिडकीची जागा पटकावली. पाहून बरं वाटलं आणि पाहवलंही नाही. रशीदभाईंनी पेटी उघडून विचारलं, "साहेब, हे ढेप पण आपलीच का?"

"म्हशीले घाला," भाऊजी म्हणाले. "पण पेटी रिकामी ठेवू नका. काही तरी वजनदार ठेवत जा. जे तुमच्या घरचं असन थे."

"तुमी काय ठेवत होते?"

भाऊजींनी गळ्यातला रुमाल नीट केला. "आमच्या घरच्यांनी ठेवलं होतं," म्हणाले. "मले मालूम नाई." रशीदभाई समजले असावेत. त्यांनी आग्रहानं जेवायला बसवलं. ताटात चटणी होती, ती भाऊजींनी आधी बोटानं चाखून पाहिली.

परतीच्या वाटेवर गाडी हलकी झाली होती आणि मी उगाच आरशात पाहत होते. डिझेल, टोल आणि खाणं धरून खर्च फार नाही, एका दिवसात सहज जाऊन येता येतं, हे लिहायचं म्हणून लिहिते. अमरावतीत शिरलो तेव्हा रात्र झाली होती. गाडीच्या दिव्यांत दिसलं, फाटकापाशी, जिथे बिऱ्हाड उभं असायचं, तिथे चाकांखालची जमीन दोन जागी दबलेली होती. भाऊजी तिला वळसा घालून घरात गेले.

पाटा स्वयंपाकघरात भिंतीला उभा होता. मी चहा टाकत होते. मागून आवाज आला म्हणून वळले, तर भाऊजी वाकून पाटा उचलायला पाहत होते. दोन्ही हात लावले, तोंड लाल झालं. पाटा जरा सरकला आणि पुन्हा टेकला.

"हे एकटी उचलून ठेवे?"

"हो," मी म्हटलं. "एका बाजूनं उभा करायची, मग कमरेला टेकवून. तुम्ही तेव्हा काच पुसत असायचे."

ते पाट्याशेजारी जमिनीवरच बसले. चहा निवला तरी तसेच होते.

"मले वाटे," ते म्हणाले, "गाडी मी सरळ चालवून राहिलो."